सासूबाईंच्या हृदयाचा पहिला नंबर

मधुमेह झाला की माणसाचं आयुष्य आकड्यांवर येतं, आणि यातले सगळे आकडे कमी असले की चांगले असतात. उपाशीपोटीची साखर कमी, जेवणानंतरची कमी, तीन महिन्यांची सरासरी कमी, वजन कमी, पोटाचा घेर कमी, आवाज कमी. शेवटचं डॉक्टर सांगत नाहीत, बायको सांगते. मी कोरेगावच्या एका हायस्कुलात पी.टी.चा मास्तर. चाळिशी उलटली आणि साखर लागली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक सवय अंगात मुरली होती. रिपोर्ट हातात आला की मधलं काही वाचायचं नाही, थेट आकडा बघायचा. खाली आला असेल तर छाती पुढं काढून घरी जायचं.

त्यामुळं मुलीनं पुण्याहून ते घड्याळ पाठवल्यावर जे झालं, त्यात माझी काही चूक होती असं मला अजून वाटत नाही.

घड्याळ पावलं मोजायचं, झोप मोजायचं, नाडी मोजायचं. आणि रोज सकाळी फोनवर तीन इंग्रजी अक्षरं दाखवायचं, एच आर व्ही, आणि त्यापुढं एक आकडा. माझा आकडा चौदा यायचा. कधी तेरा. एकदा तर अकरा आला, त्या दिवशी मी बायकोला न विचारता दुसरा चहा मागितला.

आमच्या गणिताच्या सरांकडं तसलंच घड्याळ होतं. त्यांचा आकडा बेचाळीस. त्यांना साखर नाही, रक्तदाब नाही, साधी सर्दी मी कधी बघितली नाही, तरी बेचाळीस! मला त्यांची काळजी वाटायला लागली. एकदा स्टाफरूममध्ये बाजूला घेऊन म्हटलं, "सर, संध्याकाळचा भात बंद करा." माणूस सज्जन, त्यांनी बंद केला. पुढच्या आठवड्यात ते उतरल्या चेहऱ्यानं आले आणि म्हणाले, "सर, पंचेचाळीस झाला हो." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "येईल खाली. धीर सोडायचा न्हाई."

त्याच सुमारास एका शनिवारी सकाळची कवायत चालली होती. समोर नववीचा वर्ग. माझी पद्धत अशी की तोंडानं कमी सांगायचं, करून जास्त दाखवायचं. मी जे करीन ते पोरांनी तसंच्या तसं करायचं. वाकून पायाचे अंगठे धरले आणि झटक्यात सरळ उभा राहिलो, तर डोळ्यांपुढं अंधारी आली. मैदान, झाडं, पोरं सगळं काळं. मी मटकन खाली बसलो. माझ्यामागोमाग अख्खी नववी मटकन खाली बसली. मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांनीही धरलं. मी "अगं आई गं" म्हणालो, तर मैदानभर "अगं आई गं" झालं, आणि तेही एका सुरात.

हेडमास्तर व्हरांड्यातून बघत होते. नंतर म्हणाले, "नवीन प्रकार दिसतोय. योगातला आहे का?"

"व्हय सर," मी म्हणालो. "शेवटचं आसन हाय."

ही बातमी संध्याकाळपर्यंत माझ्या घरी पोचली. गणिताच्या सरांच्या बायकोनं माझ्या बायकोला फोन केला, आणि माझ्या बायकोनं तो ठेवल्या ठेवल्या मुलीला लावला. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं मला फोनवर घेऊन बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाली, "घड्याळात एचआरव्ही किती दाखवतंय?"

"चौदा," मी म्हणालो. "अन अजून खाली आणतोय."

तिनं मला आकडा पुन्हा सांगायला लावला. मग ती म्हणाली, "पप्पा, तो वर असायला हवा."

मी खुर्चीत बसलो. तिनं समजावून सांगितलं ते असं. चांगल्या हृदयाचे ठोके एकसारख्या अंतरावर पडत नाहीत. श्वास आत घेतला की जरा घाईनं पडतात, सोडला की जरा निवांत. दोन ठोक्यांमधलं अंतर असं सारखं थोडं मागंपुढं होत असतं, आणि ते किती होतं याचा तो आकडा. मेंदूकडून हृदयाकडं ज्या नसा जातात त्या ठोक्यांचा लगाम कधी ओढतात, कधी सैल सोडतात. बरीच वर्षं साखर राहिली की पायाच्या नसा जशा बधिर होतात, तशा या नसाही थकू शकतात. मग हृदय एकाच चालीत चालत राहतं. माणूस झटकन उठला तरी शरीराला सावरायचं सुचत नाही, आणि अंधारी येते.

"म्हंजे ते शिस्तीत चालतं," मी म्हणालो.

"फारच शिस्तीत चालतं."

"मग वाईट काय त्यात?"

ती हसली, पण हसणं लगेच आवरलं हे मला कळलं. "नुसत्या घड्याळावरून काही ठरत नाही, पप्पा. नीट तपासणी करून घ्या. उगाच अंगावर काढू नका."

मला खरं सांगायचं तर भीतीपेक्षा अपमान जास्त वाटला. पाव शतक मी पोरांना एका चालीत चालायला शिकवलं. डावा, उजवा, डावा, उजवा. ज्याचं पाऊल चुकलं त्याला रांगेबाहेर काढलं. माझं हृदय माझं ऐकून इतकी वर्षं तालात चाललं, आणि आता कळतंय की त्यानं अधनंमधनं पाऊल चुकवायला हवं होतं. सोमवारी गणिताच्या सरांना सांगितलं, "सर, भात सुरू करा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात नुसता भात घेऊन आले.

माझा मेव्हणा सांगलीला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. त्यानं ही तपासणी करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. तपासणीचा नंबर दिवाळीच्या सुट्टीतला मिळाला. बायको म्हणाली, नाहीतरी माहेरी जायचंच आहे, तर आधीच जाऊन राहू. पिशवीभर वाघ्या घेवडा घेऊन आम्ही कोरेगावला रेल्वेत बसलो आणि सांगलीला उतरलो.

तिथं माझ्या सासूबाई होत्या. मी त्यांना मामी म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढं, अंगानं काडी, आवाजानं भोंगा. साखर त्यांनाही आहे, आणि माझ्या आधीपासून आहे, त्यामुळं या विषयात त्या स्वतःला मोठ्या समजतात. दारातच म्हणाल्या, "या जावईबापू. ऐकलं समदं. काळीज तालात चालतंय म्हनं?"

संध्याकाळी घड्याळाची फेरी निघाली. पाच मिनिटं गप्प बसलं की ते आकडा सांगायचं. मेव्हण्याचा अडतीस आला. त्याच्या बायकोचा चव्वेचाळीस. माझा तेरा. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. "मला बी बांधा." पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी मनगटावर फिरत होता, मग खाली रुमाल गुंडाळला. पाच मिनिटं गप्प बसणं हे त्यांच्यासाठी फार होतं, पण बसल्या.

आकडा आला एकशेबारा.

मी घड्याळ झटकलं, पुसलं, परत बांधलं. एकशे अठरा.

"वाढला की!" मामी म्हणाल्या.

घरात जो आनंद झाला तो काय सांगू. मेव्हण्यानं आईला वाकून नमस्कार केला. बायको माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होती. मामींनी दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत स्वतः जाऊन बातमी दिली. "जावई माजा पी.टी.चा मास्तर, अन त्येचं काळीज तेराचं. मी घरात बसून एकशे अठराची." दुपारी शेजारच्या बायका बघायला आल्या. मला वाटलं त्या मामींना बघायला आल्या असतील, पण त्या तेराचं काळीज कसं दिसतं ते बघायला आल्या होत्या.

मामींनी माझं शिक्षण हातात घेतलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. काळीज सरळ चालतंय कारण माणूस सरळ चालतोय, तर आधी माणूस वाकडा चालवायचा.

सकाळी मला गल्लीत काढायच्या आणि मागून चालायच्या. मी नकळत तालात पडायचो, की मागून हाक यायची, "परत एकसारकी पडाय लागली! मोडा, मोडा!" मी पाऊल मोडायचो. दोन लांब, एक आखूड, मग जरा तिरकं. गल्लीतलं कुत्रं एरवी माझ्याकडं ढुंकूनही बघत नव्हतं, ते भुंकायला लागलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं मेव्हण्याला बाजूला घेऊन विचारलं, पावणं सकाळी सकाळीच घेत्यात का म्हणून.

जेवणाला वेळ ठरवायची नाही, गजर लावायचा नाही, कोथिंबीर आणायला निघालं की वाटेत विचार बदलून मुळा घेऊन यायचं. मी रोज दाढी डावीकडून सुरू करतो हे त्यांना कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आवं, मग कसं व्हायचं!"

सगळ्यात वाईट म्हणजे दारामागचा प्रकार. मी शांतपणे खोलीत शिरायचो आणि दाराच्या मागून पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई "भॉक!" करून ओरडायची. मी उडायचो. त्या लगेच माझं मनगट धरायच्या. "चुकला का ठोका?"

"मामी, माझा जीव जाईल एकाद्या दिवशी."

"जीव न्हाई जात. ठोका चुकला का त्येवढं सांगा."

आठवड्यानं आकडा घेतला तर बारा. मामींनी घड्याळाकडं नापास पोराच्या प्रगतिपुस्तकाकडं बघावं तसं बघितलं. "लय हट्टी काळीज हाय तुमचं, जावईबापू. माजं बघा. मधनंच छातीत पाखरू फडफडल्यागत हुतं. कवा फडफडंल न्हेम न्हाई. त्याच पाखराचा पयला नंबर आलाय."

मी तेव्हा त्या पाखराचा हेवा केला. आणखी एक गोष्ट दिसत होती, पण तिचा अर्थ लावला नाही. गच्चीचा जिना चढताना मामी मधल्या पायरीवर थांबायच्या आणि कुणाचं धुणं किती पांढरं निघालंय ते बघायच्या. दर वेळी तीच पायरी. मला वाटायचं, बाईला लोकांच्या धुण्याची फार हौस.

तपासणीच्या दिवशी सकाळी चहा प्यायचा नव्हता, त्यामुळं मी गप्प होतो. मामी मात्र इरकल नेसून तयार. बायको म्हणाली, "आई, तू कशाला?"

"डाक्टरीणबायला माजा आकडा दावायचाय. तिला बी कळू दे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आधी डोळ्यांचा पडदा तपासलाय का विचारलं, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बघितल्या, मग मला टेबलावर झोपवून छातीला तारा लावल्या. म्हणाल्या, "सर, आता मी सांगेन तसा हळूहळू खोल श्वास घ्यायचा आणि हळूहळू सोडायचा." मी श्वास घेतला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "श्वास घे! श्वास सोड!" बाहेर बाकावर बसलेल्या दोन पेशंटनी श्वास घेतल्याचं बायकोनं नंतर सांगितलं.

"मनातल्या मनात, सर."

मग झटकन उठून उभं राहायचं होतं. मी टुणकन उठून सावधानमध्ये उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाल्या, "बसा आता. चक्कर येतेय ना?" मी म्हणालो, "न्हाई," आणि त्यांच्या कपाटाला धरलं. शेवटी एका नळीत फुंकून यंत्राचा काटा एका खुणेवर धरून ठेवायचा होता. हे माझं क्षेत्र. शिट्टी फुंकण्यात माझं आयुष्य गेलंय. असं फुंकलं की काटा दुसऱ्या टोकाला जाऊन थडकला.

"सर, खुणेपर्यंतच. जिंकायचं नाहीये."

सगळं झाल्यावर त्यांनी कागदावरची नागमोडी रेघ आमच्यापुढं धरली. हृदयाच्या नसांवर साखरेचा परिणाम व्हायला लागलाय, म्हणाल्या, पण अजून सुरुवात आहे. साखर वरखाली न होता ताब्यात ठेवायची, रोज चालायचं, झोप पुरती घ्यायची, उठताना आधी बसायचं मग उभं राहायचं. रक्तदाबाची एक गोळी त्यांनी बदलली. थकलेल्या नसा पूर्वीसारख्या होतीलच असं सांगता येत नाही, पण पुढचं नुकसान थोपवता येतं.

"अन वाकडं चालल्यावर?" मी विचारलं.

"म्हणजे?"

बायकोनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कुत्र्यापर्यंत आल्यावर त्यांनी तोंड फिरवून टेबलाखालचं काहीतरी शोधलं, आणि दारामागच्या "भॉक"पाशी त्यांना ते सापडेचना.

तेवढ्यात मामी पुढं झाल्या. "माजा एकशे अठरा हाय," त्या म्हणाल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत टेबलावर जाऊन आडव्या झाल्या.

डॉक्टरीणबाईंचं हसू थांबलं. "एकशे अठरा? आजी, धडधड होते का?"

"पाखरू फडफडतंय."

"चढताना दम?"

मामींनी इरकलीचा पदर सारखा केला. बायको म्हणाली, "जिन्यात थांबती ही. धुणं बघाय." आणि म्हणता म्हणता तिच्याच लक्षात आलं.

त्याच तारा मामींना लावल्या. कागद सरकत बाहेर आला. माझ्या कागदावरचे ठोके रांगेत उभे होते. मामींच्या कागदावर बाजाराच्या दिवशी एस.टी. लागल्यावर माणसं धावतात तसे, कुणी लवकर, कुणी उशिरा, दोन एकदम, मग मोकळी जागा.

"आजी, तुमच्या हृदयाची लयच बिघडलीय," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "चांगलं हृदय लयीत राहून थोडं मागंपुढं होतं. तुमचे वरचे कप्पे लयीतच नाहीत, नुसते थरथरतात. घड्याळाला फक्त अंतरं वेगवेगळी दिसली, त्यानं मोठा आकडा दिला. अशानं आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडं गेली तर लकवा मारतो. बरं झालं आज आलात."

 बायकोनं आईच्या पायावर हात ठेवला.  आठवडाभर आम्ही सगळ्यांनी ज्या आकड्याला नमस्कार केले तो हा होता. आणि ही बाई छातीत ते घेऊन रोज दारामागं दडून बसत होती.

मामींनी छताकडं बघत विचारलं, "म्हंजी माजा नंबर गेला?"

"नंबर बाद, आजी."

"अन मी बक्षीस घ्याया आलते."

मग मात्र डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. त्याच दिवशी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, रक्त पातळ ठेवायची गोळी आणि ठोके आवरायची गोळी सुरू झाली. रिक्षात मामी माझ्या शेजारी बसल्या होत्या.  मग हळूच म्हणाल्या, "जावईबापू, भ्या वाटलं वं मला."

"मला बी, मामी."

"तुमी कशापायी? तुमचं तर नीट चाललंय, एका लायनीत."

घरी आल्यावर दोन दिवस त्या खरोखर पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी शेजारणी विचारायला आल्या, तर आतून भोंगा ऐकू आला, "आगं, आकडा एवडा मोटा, एवडा मोटा, की डाक्टरला गोळी दिऊन कमी करावा लागला!" मेव्हणा आणि मी एकमेकांकडं बघितलं आणि गच्चीवर निघून गेलो, कारण तिथं मोठ्यानं हसता येत होतं.

पाखरू आता क्वचित फडफडतं, असं त्या सांगतात. गोळ्या वेळेवर घेतात. मात्र बेदाणे हे फळ आहे की गोड, यावर त्यांचा आणि डॉक्टरीणबाईंचा वाद चालू आहे. माझी साखर बरीच जागेवर आली आहे. अंधारी येत नाही. घड्याळातला आकडा सतरापर्यंत गेला, एकदा एकोणीस दिसला. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज उठून तो बघत बसू नका, तुम्हाला बरं वाटतंय ते महत्त्वाचं.

यंदाच्या उन्हाळ्यात मामी कोरेगावला राहायला आल्या. संध्याकाळी आम्ही स्टेशनच्या रस्त्याला फिरायला जातो, त्यांच्या चालीनं. परवा रस्त्याकडेला एक बाई काकड्या घेऊन बसली होती. मामी थांबल्या. तू कुठली, कुणाची, इथं कवा आलीस. ती म्हणाली, माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पल्याड. मामींनी तिथलीच एक चुलत नणंद काढली, तिच्या जावेचं गाव काढलं, आणि उन्हं कलेपर्यंत दोघी एकमेकींच्या लांबच्या बहिणी निघाल्या. मी बाभळीखाली उभा होतो. नंतर कंटाळून दगडावर बसलो. नंतर कंटाळाही गेला. त्या बाईनं मामींच्या हातात एक काकडी ठेवली. मामींनी ती मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढं धरला.

"खावा," त्या म्हणाल्या. "यात साखर न्हाई."